जागल्या

जयराम कुबलला सकाळी जाग आली की सगळ्यात आधी अंगावरची चादर टोचायची. मग पंख्याची घरघर ऐकू यायची, मग घड्याळाची टिकटिक, मग दाराच्या बिजागरीला घातलेल्या तेलाचा वास यायचा. आणि हे सगळं झालं की, न चुकता, जे नव्हतं ते जाणवायचं.

शालन भाकरी थापायला बसली की आधी बांगड्या कोपराकडे सारायची. किणकिण व्हायची आणि मग परातीत पहिली थाप पडायची. जयरामचं अंग त्या किणकिणीची वाट बघत ताठ व्हायचं. ती यायची नाही. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे काहीच नसावं, तसं त्याला व्हायचं. शालनला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि हे रोज होत होतं. आजही झालं.

"बाबा, चहा," आतून प्रणिताने हाक मारली.

प्रणिता कोल्हापूरला शाळेत शिकवायची. आईच्या वर्षश्राद्धासाठी रजा काढून आली होती. जयराम स्वयंपाकघराच्या दारात आला आणि थबकला.

"पाट कुठाय?"

"कुठला पाट?"

"आईचा. इथे दारापाशी असतो तो."

"भिंतीला उभा करून ठेवलाय, बाबा. केर काढत होते."

"आधी होता तिथे ठेव."

त्याचा आवाज नको तेवढा चढला. प्रणिताने पाट खाली घातला. शालन त्यावर बसून मासे साफ करायची, भाकऱ्या भाजायची, फोनवर बहिणीशी तासन्‌तास बोलायची. एका कडेला तिची टाच घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

चहाचा कप हातात देताना प्रणिता म्हणाली, "मघाशी उठवायला आले होते. झोपेतसुद्धा चकती कानामागे तशीच होती तुमच्या."

"राहिली असेल काढायची."

"शेवंतीमावशी म्हणते वर्षभर राहिलीय."

"तिला दुसरे उद्योग नाहीत."

"बाबा, ते कामाचं यंत्र आहे. हेल्मेट घालून झोपतं का कुणी?"

जयरामने फुंकर मारून चहा प्यायला. चहाचा शेवटचा घोट पहिल्या घोटाइतकाच कडक लागला. अलीकडे सगळ्याच घोटांचं तसं झालं होतं.

*

जयराम पाटवेळ बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया ऑपरेटर होता. लाद्यांचा बर्फ अमोनियावर तयार होतो. पाइपांमधून हा वायू फिरतो आणि भोवतालची उष्णता ओढून घेतो. पाइपातून बाहेर आला तर डोळे जाळतो, आणि जास्त आला तर माणूस गुदमरून मरतो. त्याचा वास इतका उग्र की कळल्याशिवाय राहणार नाही असं कुणालाही वाटेल. पण नाकाची गंमत अशी की कुठलाही वास त्याला थोडाच वेळ येतो. अत्तरवाल्याला अत्तराचा येत नाही, कोळणीला माशांचा येत नाही. बर्फ कारखान्यातल्या माणसाला थोड्या अमोनियाचा येत नाही, आणि थोड्याचा जास्त कधी झाला हेही मग कळत नाही.

भिंतीवर वास हुंगणारी यंत्रं होती. पण खाऱ्या हवेत ती गंजायची. सडक्या मासळीचा वास आणि अमोनिया ही तशी जवळची भावंडं, त्यामुळे मासळीची टोपली शेजारून गेली तरी यंत्रं बोंबलायची. शेवटी कुणीतरी त्यांच्यावर चिकटपट्टी लावून टाकायचं.

म्हणून जागल्या आला. त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं. कामगारांनी त्याला जागल्या केलं, गावात जागता पहारा देणारा. नाकपुडीतून वर, जिथे वासाच्या नसा मेंदूत शिरतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बसवायचा. कानामागे नाण्याएवढी चकती चिकटवायची. चकती लावली की दाणा बारीक विजेचे ठोके देत राहतो आणि नाकाची सवय मोडत राहतो. प्रत्येक श्वास पहिला श्वास असल्यासारखा. पाळी संपली की चकती काढून ठेवायची, मग थोड्याच वेळात नाकाची सवय परत येते.

शालन गेली त्यानंतर पहिले काही आठवडे जयरामही चकती काढून ठेवायचा. मग एका रविवारी सकाळी त्याने चहा केला, पेपर वाचला, जेटीवर जाऊन नव्या बॅटरीवरच्या होड्या बघितल्या, दोघा-तिघांशी गप्पा मारल्या. दुपारी घरी येऊन कुलूप उघडताना त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून शालनची एकदाही आठवण झाली नाही. दारापाशी पाट होता, त्याला वळसा घालून तो दोनदा गेला होता, आणि पाट त्याला दिसलाच नव्हता.

तो घाबरला. छातीत दुखून ती गेली त्या दिवशी घाबरला होता त्याहून जास्त. आत जाऊन त्याने चकती लावली. घर पुन्हा जसंच्या तसं रिकामं झालं. त्यानंतर त्याने ती काढली नाही.

*

जागल्या लावणाऱ्यांची तपासणी करायला डॉक्टर नीलोफर मुकादम रत्नागिरीहून यायच्या. बंदराच्या सोसायटीच्या खोलीत त्या बसायच्या. या खेपेला प्रणिता वडिलांना ओढूनच घेऊन गेली.

"बसा काका. झोप येते?"

"येते थोडी."

"खोटं," प्रणिता म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "बरं, एक सांगा. अंगात शर्ट आहे तुमच्या. मी आत्ता म्हणेपर्यंत तो अंगाला जाणवत होता का?"

"होता की. सकाळपासून. कॉलरची शिवण टोचते."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणि माझ्या डोक्यावरच्या ट्यूबचा आवाज?"

"येतो. बाहेरच्या पाण्याच्या पंपाचाही येतो."

"काका, चकती किती तास लावता?"

जयराम खिडकीबाहेर बघत राहिला. प्रणिताने उत्तर दिलं.

डॉक्टर शांतपणे, शब्द निवडून बोलू लागल्या. "आपल्याला वाटतं डोळे-कान-नाक जे पकडतात ते सगळं आपल्याला कळतं. तसं नाही. पुढच्या क्षणी काय येणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो. अंदाजाप्रमाणे आलं तर तो ते तिथेच गप्प करतो, आपल्यापर्यंत येऊच देत नाही. शर्ट, पंखा, स्वतःच्या जिभेची चव. फक्त फरक पडला तर आपल्याला उठवतो. तुमच्या नाकाची ही सवय आम्ही मुद्दाम मोडतो, पण आठ-दहा तासांपुरती. तुम्ही वर्षभर मोडत राहिलात. ते नाकावरून कानावर, कातडीवर पसरलंय."

"मग त्याने काय बिघडतं?"

"फरक म्हणजे नुसतं नवीन आलेलं नाही काका. यायला हवं होतं ते आलं नाही, हाही फरकच. मृदंगाचा एक ठोका चुकला तर ऐकणाऱ्याच्या मेंदूत त्या न वाजलेल्या ठोक्याचीही नोंद होते. घरातलं माणूस गेलं की असे ठोके दिवसभर चुकत राहतात. हळूहळू मेंदू नवा अंदाज बांधतो आणि चुकायचे थांबतात. दुःख कमी होतं म्हणतात त्यातला एक भाग हाच. तुमच्या मेंदूला जागल्या नवा अंदाज बांधूच देत नाही. मेंदूला अजून वाटतंय काकू घरात आहेत."

"वाटू दे की," जयराम म्हणाला.

प्रणिताने मान फिरवली.

"मला तुमचं कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमच्या हातात कारखाना आहे. वास येणं वेगळं आणि कालच्यापेक्षा आज जास्त येतोय हे कळणं वेगळं. काल मागे गेलाच नाही तर आज मोजणार कशाशी? सगळेच सारखे ओरडायला लागले की बुडणारा कोण ते कळत नाही. घरी चकती काढा. पुढच्या वेळी मला सुधारणा दिसली नाही तर कामावरून थांबवावं लागेल."

जयराम उठला. घरी येऊन त्याने चकतीला बोट लावलं आणि तसंच खाली घेतलं.

*

मासेमारीची बंदी उठून ऑगस्ट लागला होता. होड्या भरून यायला लागल्या होत्या आणि दोन महिने निम्म्यावर चाललेला कारखाना पूर्ण ताकदीने सुरू झाला होता. अमोनियाचे पाइप बर्फाच्या टाकीवरून पुढे शेजारच्या शेडमध्ये जायचे. तिथे गारव्यात बसून बायका कोलंबी सोलायच्या. सकाळी ऑपरेटरने फेरी मारून सगळं ठीक आहे म्हटल्याशिवाय शेड उघडायची नाही असा नियम होता, आणि शेडची किल्ली जयरामकडे असायची.

हंगाम सुरू झाल्यापासून त्याने दोनदा भोंगा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. दोन्ही वेळा काही निघालं नव्हतं. बर्फावाचून मासळी खराब झाली, बायकांचा दिवस बुडाला. मॅनेजर नार्वेकर तसा सरळ माणूस. त्याने जयरामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कुबल, तुमच्यावर माझा विश्वास आहे म्हणून बोलतो. आता लोक भोंगा ऐकून जागचे हलत नाहीत. परवा एक जण डबा खात बसून होता. उद्या खरंच झालं तर?"

आज सकाळी जयराम प्लँटमध्ये शिरला आणि अमोनियाचा वास आला. रोजच यायचा. त्याने गंधकाची कांडी पेटवली. गंधकाचा धूर अमोनियाला भेटला की पांढरा होतो, गळती शोधायची ही जुनी रीत. वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी पांढरी रेघ उठली. तीही रोजच उठायची. आजची जाड होती का? टाकीपाशी वास. जिन्यापाशी वास. वंगणाचा, खारवलेल्या पाण्याचा, ओल्या लाकडाचा, गंजाचा. सगळे एकाच आवाजात नाकाशी भांडत होते. हे आज आहे की कायमचंच? त्याने कालची सकाळ आठवून बघितली. परवाची आठवली. सगळ्या सकाळी सारख्याच होत्या.

शेडच्या दाराशी बायका जमल्या होत्या. सगळ्यात पुढे शालनची धाकटी बहीण शेवंती, कमरेला पदर खोचून.

"काय गो, भावोजींका परत वास इलो वाटता!" ती मागे वळून म्हणाली. बायका हसल्या. "चला बायांनो, घराक चला. आज पण सुट्टी."

"थांब जरा, शेवंती."

"थांबतंय ओ. पण कोलंबी थांबाची नाय. आत जावचा काय नाय ता एकदा सांगा."

जयरामच्या हातात किल्ली होती. उघडावं तर भीती वाटत होती, आणि भोंग्याकडे गेलं तर आता कुणी हलणार नव्हतं. त्याची कॉलर टोचत होती. बायकांच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या आणि त्यांतली एकही ती नव्हती.

"बाबा, डबा विसरलात." प्रणिता सायकलवरून उतरत होती. त्याचा चेहरा बघून तिने सायकल तशीच भिंतीला टेकवली. "काय झालं?"

तो तिला थोडं लांब घेऊन गेला. "बाय, मला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"गळतंय की नाही. वास येतोय. पण तो रोज येतो. मला... मला आजचं वेगळं कळत नाही."

प्रणिताने त्याच्याकडे बघितलं, मग शेडकडे. "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? चकती काढा."

"काढतो म्हटलं की निघत नाही ती."

"चिकटलीय?"

"तसं नाही." त्याने कानाकडे हात नेला आणि पुन्हा खाली घेतला. "ती काढली की ही जाईल."

कोण, हे तिने विचारलं नाही. तिचे डोळे भरून आले. पण आवाज तिने शाळेत वापरतात तसा घट्ट ठेवला. "बाबा, आई गेलीय. मावशी आहे. ती आत्ता आत जाऊन बसणार आहे."

जयरामने चकती काढली. प्रणिताच्या हातात दिली आणि जेटीच्या टोकाकडे चालत गेला. नाक धुवायचं तर मोकळ्या वाऱ्यात उभं राहायचं, हे त्याला पहिल्या नोकरीत शिकवलं होतं.

वारा खारा होता. मग तो नुसता वारा झाला. डिझेलचा वास थोडा वेळ राहिला आणि कुठेतरी बसून गेला. होड्यांच्या दोरांचा करकर आवाज मागे गेला. कॉलर टोचायची थांबली. वर्षभर सगळ्या बाजूंनी ओरडणारं जग एकेक करून गप्प होत होतं. शेवटी जिची वाट बघायची तीच उरली, ती किणकिण, जी व्हायची नव्हती. जयरामने डोळे मिटून तिला धरून ठेवायचा प्रयत्न केला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण प्रयत्न करतोय, म्हणजे ती आपसूक येत नाहीये.

त्याने पंचा समुद्रात बुडवला, पिळला, गळ्यात टाकला आणि परत फिरला.

प्लँटमध्ये शिरताना अमोनियाचा वास आला आणि चार श्वासांत गेला. तो रोजचा. टाकीपाशी काही नाही. जिन्यापाशी काही नाही. त्याने शेड उघडली, बायकांना हातानेच थांबवलं आणि एकटा आत गेला. कोलंबी, ब्लीचिंग पावडर, ओली फरशी. तेही बसून गेले. आणि मग शेडच्या टोकाला, वरून, एक बारीकशी टोच आली. गेली. पुन्हा आली.

वर छताखालून पाइप गेला होता. गारवा टिकावा म्हणून त्याला जाड पांढरं आवरण गुंडाळलेलं होतं. खाली शेवंतीचा बसायचा खोका होता. जयराम खोक्यावर चढला आणि गंधकाची कांडी वर धरली. धूर आवरणापाशी पोचला आणि दुधासारखा पांढरा झाला.

तो उडी मारून बाहेर आला. "शेवंती! सगळ्यांका घेऊन जेटीर जा! धावा!"

या वेळी कुणी हसलं नाही. त्याच्या तोंडावरून कळलं असावं. "चला गो, चला," म्हणत शेवंतीने दोघींना दंडाला धरून ओढलं. प्रणिता तिच्या मागे धावली. जयरामने ओला पंचा नाकातोंडावर बांधला, ओरडून कॉम्प्रेसर बंद करायला सांगितलं आणि बाहेरच्या भिंतीवरचा शेडच्या पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवायला लागला. तो घट्ट बसला होता. पूर्ण आवळला तेव्हाच आत फट्‌ असा आवाज झाला. दारातून पांढरा ढग बाहेर लोटला. डोळ्यांत कुणी चुना फेकावा तशी आग झाली. व्हॉल्व्ह बंद होता म्हणून पाइपात उरलेला तेवढाच वायू बाहेर आला, आणि वाऱ्याने तो समुद्रावर नेला.

संध्याकाळी मेकॅनिकने आवरण कापलं. आतल्या आत ओल धरून पाइप पापडासारखा पातळ झाला होता. नार्वेकरने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग त्याने शेडमधल्या सगळ्या पाइपांची आवरणं कापायला सांगितली.

शेवंती डोळे चोळत खोक्याकडे बघत होती. "ह्या मेल्या पायपान बरोबर माझोच जागो बघल्यान!" ती म्हणाली. आणि जयरामजवळ येऊन हळूच, "आज बाकी तुमचा नाक खरा बोलला हां, भावोजी." ती पदराने डोळे पुसत होती. बांगड्या वाजत होत्या. जयरामला त्या शेवंतीच्या बांगड्या म्हणून ऐकू आल्या.

*

वर्षश्राद्ध झालं. प्रणिता कोल्हापूरला गेली. जयराम चकती कामावर लावायचा, पाळी संपली की प्लँटमधल्याच कपाटात ठेवून घरी यायचा.

पहिले काही दिवस तो मुद्दाम लवकर उठून ऐकत पडायचा. किणकिण चुकल्याचं कळायचं, पण लांबून. मग एका सकाळी त्याने चहा केला, प्यायला, आणि कप विसळताना त्याला समजलं की आज काहीच चुकलं नाही. पाटाला वळसा घालून तो सरळ मोरीपर्यंत आला होता.

नळ सोडून तो उभा राहिला. पुन्हा ती भीती येईल म्हणून थांबला. आली, पण आधीइतकी मोठी नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. डॉक्टर बाईंचं बोलणं आठवलं. मेंदू फक्त फरकाला उठतो.

त्याने हात पुसले. दारापाशी जाऊन पाट उचलला आणि माजघरातून बाहेर जायच्या वाटेत, बरोबर मध्ये घातला.

दुपारी त्याच्या पायाची करंगळी पाटाला सणसणून लागली. "अगं!" तो म्हणाला. आणि मग त्या पाटावरच बसला, करंगळी धरून, बराच वेळ.

काही दिवसांनी पाय आपोआप वळसा घालायला शिकला. तेव्हा त्याने पाट खिडकीखाली नेला. तिथली सवय झाली तेव्हा कपाटापुढे.

दिवाळीच्या सुट्टीत प्रणिता आली. बॅग घेऊन आत शिरली आणि ओटीच्या दारातच धडपडली. "आई गं! बाबा, हा पाट इथे कुणी ठेवला?"

"मीच."

"वाटेत?"

"वाटेतच. मागच्या आठवड्यात देवापुढे होता." तो तिची बॅग उचलत म्हणाला, "सवय झाली की हलवतो."

प्रणिता अंगठा चोळत पाटाकडे बघत राहिली. कडेचं लाकूड अजून तसंच गुळगुळीत होतं. मग ती लंगडत उठली, पाट काखेत घेतला आणि सगळ्या घरातून एक फेरी मारली. शेवटी न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी थांबली.

"इथे ठेवून झालाय का?"

"नाही," जयराम म्हणाला. "तिथे सुचलं नव्हतं."

तिने पाट तिथे घातला.